चित्रकथेची आद्य शिळा

चित्रकथेचे कूळ शोधणारे अभ्यासक पुष्कळदा रोमच्या त्राजान स्तंभापर्यंत मागे जातात. आपल्याकडचे पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीचे नाव घेतात, आणि चित्रांच्या मालिकेतून कथा सांगण्याची हौस मनुष्यजातीत पुरातन आहे एवढेच सिद्ध करावयाचे असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु चित्रकथीत चित्र कागदावर असते आणि शब्द गाणाऱ्याच्या मुखात असतात. चौकटी आखून, चित्र आणि मजकूर एकाच हाताने एकाच कागदावर मांडून, त्याच्या हव्या तितक्या प्रती काढण्याची जी कला आज कॉमिक्स या नावाने ओळखली जाते, तिचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिनीव्हा शहरी एका शाळाचालकाच्या मेजावर झाला, आणि तो मुद्रणाच्या एका विशिष्ट क्रियेमुळे झाला, असे माझे मत आहे.

रोदोल्फ टॉप्फर हे त्या गृहस्थाचे नाव. जन्म 1799चा. वडील नामांकित चित्रकार होते, आणि मुलानेही तोच व्यवसाय करावयाचा हे जवळजवळ मुक्रर झाले होते. पण नेत्रविकार आडवा आला, तैलरंगांचे सूक्ष्म काम अशक्य ठरले, आणि टॉप्फरने अध्यापनाची वाट धरून मुलांसाठी एक वसतिशाळा काढली. तेथील विद्यार्थ्यांच्या मनोरंजनासाठी तो वह्यांतून चित्रमय कथा रेखाटू लागला. प्रेमात वेडावलेल्या श्रीयुत व्यू-ब्वा यांची कथा त्याने 1827 साली रचली, परंतु ती लगेच छापण्याचे धाडस काही त्याला झाले नाही, कारण अध्यापकाने असले खेळकर उद्योग चारचौघांत मांडणे त्या काळी प्रतिष्ठेला बाधक समजले जाई. वह्या मित्रमंडळींत फिरत राहिल्या. त्यांतल्या काही वायमार दरबारी असलेल्या सोरे या जिनीव्हावासीयाने वृद्ध गटेला दाखविल्या. 1831च्या जानेवारीत गटे त्या थोडी थोडी पाने करून, मध्ये विसावा घेत चाळत होता आणि मनापासून दाद देत होता, अशी नोंद गटेची संभाषणे टिपणाऱ्या एकरमानच्या ग्रंथात आहे. युरोपातील सर्वश्रेष्ठ साहित्यिकाचा हा अभिप्राय टॉप्फरला जणू सनदच वाटला असावा. त्याने 1831 साली रचलेली श्रीयुत जाबो यांची कथा 1833 साली छापली आणि 1835 साली वाचकांच्या हाती दिली.

ती त्याने छापली कशी, यातच या कलेचे खरे बीज आहे. शिळाछापाचा शोध सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात लावला होता. विशिष्ट चुनखडीच्या सपाट शिळेवर तेलकट शाईने रेखाटावे, शिळा ओली करावी, म्हणजे रेखाटलेल्या भागावर पाणी ठरत नाही आणि छापण्याची शाई तेवढ्यालाच धरते, इतके साधे त्याचे तत्त्व. पण शिळेवर थेट काम करणाऱ्यास सर्व काही उलटे, आरशातल्याप्रमाणे काढावे लागे. चित्राचे एक वेळ निभावते. ओळीमागून ओळ उलटी लिहिताना मात्र हस्ताक्षराचा सहजपणा पार मरतो. म्हणून टॉप्फरने शिळाछापाचाच एक उपप्रकार पत्करला. लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने, नेहमीच्या टाकाने, सुलट लिहावयाचे व रेखाटावयाचे. मग तो कागद ओलसर करून शिळेवर पालथा दाबावयाचा, म्हणजे शिळेवर सारे उलटे उमटते आणि छापताना पुन्हा सुलट होते. या क्रियेत मृदू छाया आणि रंगांच्या छटा हाती लागत नाहीत, केवळ टाकाची रेषा उतरते. टॉप्फरने ही उणीव आपले बळ केले. जो टाक नाक काढी तोच टाक खालची ओळ लिही आणि तोच चौकटीची किंचित वाकडी रेघही ओढी. त्यामुळे चित्र व मजकूर वेगळे काढलेच जात नाहीत. चित्रे मजकुरावाचून संदिग्ध राहतील आणि मजकूर चित्रांवाचून निरर्थक ठरेल, अशा आशयाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे 1845 साली मुखलक्षणांवरील निबंधात त्याने याहून पुढचा सिद्धान्त मांडला: कितीही बेढब चेहरा काढा, त्याला काही ना काही भाव असतोच, आणि रेषा जराशी बदलून तो भाव पालटून पाहणे हीच चित्रकथाकाराची साधना. व्यंगचित्रकाराच्या शिक्षणाचे याहून नेमके सूत्र माझ्या वाचनात नाही.

अनुकरण करणाऱ्यांनी मात्र ही रेषाच गमावली. पॅरिसच्या ओबेर या प्रकाशनसंस्थेने 1839 साली टॉप्फरच्या पुस्तकांच्या परवानगीवाचून नकला काढल्या. व्यू-ब्वाची कथा 1842 साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी वेषात प्रकट झाली, आणि अमेरिकेतील पहिले कॉमिक पुस्तक म्हणून तिचाच दाखला दिला जातो. 1845 साली पॅरिसच्या एका साप्ताहिकासाठी त्याची क्रिप्तोगामची कथा शाम नावाच्या चित्रकाराने लाकडी ठोकळ्यांवर उतरविली. काम उत्तम होते, पण टाकाची ती थरथर ठोकळ्यांतून उमटली नाही. पुढल्याच वर्षी टॉप्फर वारला.

आपल्याकडे शिळाप्रेस अपरिचित नव्हता. गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1831 साली शिळाछापाचे मराठी पंचांग काढले, म्हणजे टॉप्फर जाबोची कथा रचीत होता त्याच वर्षी. पुढे शिळाप्रेसवरच्या पोथ्यांतून लेखकूचे वळणदार देवनागरी अक्षर जसेच्या तसे घरोघर पोहोचले. त्या छापखान्यांतून चित्रकथा निघाली नाही. अक्षराचा मान तेवढा राखला गेला. हाताच्या अक्षराचा हा मान अमेरिकेतही राहिला. तेथील कॉमिक्स-व्यवसायात पुढे पेन्सिलीचे काम एकाकडे, शाईचे दुसऱ्याकडे, अक्षरांचे तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली, तरी अक्षरे बहुधा चित्राच्याच कागदावर हाताने लिहिली जात, आणि ही रीत संगणक येईपर्यंत टिकली.

मराठीत चित्रकथा रचू पाहणाऱ्या तरुणांना म्हणूनच माझी एक विनंती आहे. संगणकातील तयार टंक फुग्यांत भरण्यापूर्वी एक तरी कथा त्यांनी चित्राच्याच टाकाने, स्वतःच्या देवनागरीत, स्वतः लिहून पाहावी; आणि प्रकाशकांनी ती तशीच छापावी.