सिद्धान्त आणि प्रचीति

रायगड जिल्ह्यांत, महाडच्या पूर्वेस सह्याद्रीच्या कुशींत शिवथरची घळ आहे. पावसाळ्यांत तिच्या मुखाजवळ धबधबा कोसळतो आणि त्याचा घोष घळींत अहोरात्र भरून राहतो. श्रीसमर्थ रामदासांनीं दासबोध येथेंच सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. २० दशकांच्या आणि २०० समासांच्या त्या ग्रंथांत समर्थांनीं ज्या गोष्टीवर वारंवार भर दिला, ती प्रचीति होय. नुसतें ऐकलेलें ज्ञान त्यांना पुरेसें वाटत नव्हतें. तें अनुभवास आलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. खुद्द या घळीची कथाही तशीच आहे. जुन्या कागदपत्रांतील उल्लेखांच्या आधारें धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ती शोधून काढली. कागदावरचें स्थळ डोंगरांत प्रत्यक्ष पाहिलें, तेव्हांच त्यांचा शोध पुरा झाला.

समर्थांची प्रचीति आत्मज्ञानाची; पदार्थविज्ञानाची प्रचीति बाह्य सृष्टीची. विषय निराळे खरे; परंतु प्रचीतीवांचून सिद्धान्ताला मोल नाहीं, हा दंडक दोहींकडे सारखाच आहे. तो दंडक किती कठोर आहे, हें डॉ. रोहिणी गोडबोले यांच्या कार्यावरून चांगलें कळून येतें.

गोडबोले यांचा जन्म पुण्याचा, १९५२ सालचा. हुजूरपागा, सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि पवईची आय. आय. टी. येथें शिकून त्यांनीं अमेरिकेंतील स्टोनी ब्रूक येथें डॉक्टरेट मिळविली. पुढें मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथें त्यांनीं अध्ययन-अध्यापन केलें. त्यांचा विषय सैद्धान्तिक मूलकणविज्ञान. या शास्त्रांत संशोधकाचें साधन गणित; निवाडा मात्र दुसऱ्यांनीं चालविलेल्या अवाढव्य यंत्रांच्या हातीं असतो.

प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, स्वतः मूलकणच मानला जातो. परंतु पुंजसिद्धान्ताप्रमाणें तो क्षणमात्र क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीचें रूप घेऊं शकतो. अशा क्षणीं दुसरा कण त्यावर आदळला, तर त्याच्या पोटांतला क्वार्कच त्या आघातांत भाग घेतो. गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांनीं १९९१ सालीं हिशेब मांडून एक इशारा दिला. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आदळविणाऱ्या भावी यंत्रांत ते झोत एकमेकांच्या क्षेत्रामुळें वांकतील, वांकतांना प्रकाश फेंकतील, आणि त्या प्रकाशकणांच्या टकरींतून नको असलेल्या कणांचा कचरा उत्पन्न होईल. जो दुर्मिळ कण शोधावयाचा, तोच त्यांत हरवण्याची भीति! यंत्रें आंखणाऱ्यांना ही वार्ता सुखाची नव्हती. पण तिकडे दुर्लक्ष करणेंही शक्य नव्हतें. हॅम्बुर्ग येथील हेरा यंत्रावर १९९२ नंतर झालेल्या प्रयोगांत फोटॉनच्या या अंतर्गत रचनेची साक्ष मिळाली. येथें सिद्धान्ताला प्रचीति लाभली.

प्रत्येक सिद्धान्ताचें भाग्य असें नसतें. हिग्ज कणाची कल्पना १९६४ सालची. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रांत तसा कण सांपडल्याची घोषणा झाली ४ जुलै २०१२ रोजीं. मधलीं ४८ वर्षें तो गणितांतच नांदत होता. त्याचें वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारें १३३ पट भरलें. मात्र त्यानें एक कोडेंही पुढें ठेवलें. गणिताच्या दृष्टीनें, अधिक जड अशा अज्ञात कणांच्या प्रभावामुळें तें वस्तुमान याहून प्रचंड वाढावयास हवें होतें. तें आवरलें कोणीं? यावर अतिसममिति नांवाच्या सिद्धान्ताचें उत्तर असें, कीं प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असतो आणि एकाचा प्रभाव दुसरा फेडून टाकतो.

या जोडीदार कणांविषयीं गोडबोले यांनीं अनेक वर्षें संशोधन केलें. ड्रीस व प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनीं लिहिलेला मोठा ग्रंथ २००४ सालीं प्रसिद्ध झाला. सर्नच्या यंत्राला मात्र आजतागायत एकही जोडीदार आढळलेला नाहीं. सिद्धान्ताचीं सर्वांत सरळ रूपें त्यामुळें बाद झालीं. हे कण अधिक जड असतील आणि यंत्राच्या आवांक्याबाहेर असतील, एवढी वाट मोकळी आहे. ती खरी कीं खोटी, हें कोणाच्याही विद्वत्तेवर ठरत नाहीं.

२०१९ सालीं पद्मश्रीनें गौरविल्या गेलेल्या गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पुण्यांत निवर्तल्या. त्यांनीं मांडलेल्या एका हिशेबाला सृष्टीनें होकार दिला. दुसरा प्रश्न अनुत्तरित ठेवला. शिवथरचा शोध घेणाऱ्यास डोंगर तरी ठाऊक होता; येथें डोंगरच आहे कीं नाहीं, हें शोधावयाचें आहे. अशा वाटेवर आयुष्य वेंचणाऱ्याला यशाची हमी कोणीच देत नाहीं, आणि तरीही प्रचीतीच्या जागीं आपली इच्छा ठेवण्याची मुभा त्याला नसते. विद्येचें खरें तप हेंच होय.