औषधापासून खाद्यापर्यंत

दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. ज्या साध्वीचे नाव या रस्त्यास लाभले त्यांच्या अखेरच्या दिवसांशी पेनिसिलिनची एक आठवण निगडित आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत अंथरुणास खिळल्या होत्या. हृदय थकलेले, त्यातच फुप्फुसाचा दाह. पुत्र देवदास यांच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणविण्यात आले. महायुद्धाच्या त्या काळात हे औषध मुख्यतः सैन्यासाठी राखलेले. सामान्य माणसाने त्याचे केवळ नाव ऐकावे. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळताच गांधीजींनी नकार दिला आणि देवदासांनी मान तुकविली. २२ फेब्रुवारीस कस्तुरबा गेल्या.

पुढे पुण्याजवळच पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि दुर्मीळ पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. हा खरोखर अभिमानाचा प्रसंग होता.

तथापि याच सुमारास अमेरिकेत या औषधवर्गाला वेगळेच वळण लागले होते. ज्यूक्स व स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांना ऑरिओमायसीन या औषधाच्या निर्मितीत उरलेला चोथा चारून पाहत होते. त्यांना त्यातील जीवनसत्त्व हवे होते. पण पिले अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाचा तो प्रताप होता. १९५० साली ही वार्ता जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत निरोगी पक्ष्यांच्या रोजच्या दाण्यात औषध मिसळणे हा धंद्याचा रिवाज झाला. इतकेच नव्हे, तर मारलेली कोंबडी अशाच औषधाच्या पाण्यात बुडवून टिकविण्यास तेथे १९५५ साली परवानगी मिळाली.

वस्तुतः धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सांगितले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधास सरावतात. दाण्यातील मात्रा नेमकी अशी अपुरी असते. दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. १९५९ साली जपानी संशोधकांनी तर असे दाखविले की, एक जंतू आपला हा गुण शेजारच्या परक्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो! १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांना औषधी दाणा चारला होता. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांच्या आतड्यांत औषधास न जुमानणारे जंतू दिसले. काही महिन्यांत ते शेतावरील माणसांतही आढळले.

भारतात हा प्रश्न राजधानीच्या ताटापर्यंत आला तो २०१४ साली. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली व आसपासच्या कोंबडीचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. औषधाचा अंश व औषधाला दाद न देणारा जंतू या दोन वस्तू निराळ्या, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. अंश शिजवूनही पुष्कळदा उरतो. जंतू नीट शिजविल्यास मरतो. पण कोंबडी कापताना आतड्यातील घाण मांसास लागते, मांसाची सुरीस, सुरीची फळीस, आणि त्याच फळीवर गृहिणी कोशिंबिरीची काकडी चिरते. काकडी कोण शिजवतो?

कॉलिस्टिन नावाचे एक जुने औषध आहे. मूत्रपिंडास अपाय करते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूस ठेवले होते. इतर सर्व औषधे हरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा हाती घ्यावे लागले. याच कॉलिस्टिनचा कोंबड्यांच्या खाद्यातील वापर भारत सरकारने बंद केला तो २०१९ च्या जुलैत.