राजा अंतिओकस एपिफानेस आणि त्याचा काळ

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख येतो. यरुशलेमात समर्पणाचा सण चालू होता, दिवस हिवाळ्याचे होते आणि प्रभू येशू मंदिरातील शलमोनाच्या देवडीत फिरत होते. मिस्सेत हा उतारा वाचला जातो तेव्हा आपले लक्ष पुढच्या संवादाकडे असते, सणाकडे नसते. मोशेच्या पंचग्रंथात या सणाचा कोठेही पत्ता नाही. तो ज्या घटनेतून निर्माण झाला ती प्रभूच्या जन्मापूर्वी अवघी दीडशे-पावणेदोनशे वर्षे आधीची होती आणि तिच्या मुळाशी एक ग्रीक राजा होता: चौथा अंतिओकस, ज्याने स्वतःला ‘एपिफानेस’ म्हणजे ‘प्रकट झालेला देव’ म्हणवून घेतले.

मक्काबींच्या दोन ग्रंथांत या राजाचे जे चित्र आहे ते काळेकुट्ट आहे, आणि ज्यांनी त्याच्या हातून यातना भोगल्या त्यांनी ते काळेच रंगवावे हे न्याय्यही आहे. तथापि, राक्षस म्हणून एखाद्याची संभावना केली की त्याच्याविषयी विचार करण्याची गरज उरत नाही. अंतिओकस समजून घ्यायचा तर त्याच्या पित्याच्या पराभवापासून सुरुवात केली पाहिजे.

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले. त्यांपैकी सेल्युकसच्या वाट्याला सीरियापासून इराणपर्यंतचा प्रदेश आला. याच सेल्युकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती मिळवले होते. त्याचा वंशज तिसरा अंतिओकस याने पॅलेस्टाईन इजिप्तच्या टॉलेमी घराण्याकडून जिंकून घेतले. यहुद्यांशी तो उदारपणे वागला. त्यांना वाडवडिलांच्या नियमांप्रमाणे राहण्याची मोकळीक त्याने दिली आणि काही करही माफ केले, अशी नोंद योसेफसने जतन केली आहे. म्हणजे यहुदी धर्माविषयी या घराण्याच्या पोटात पिढीजात द्वेष होता असे म्हणता येत नाही.

पण या राजाने रोमशी युद्ध केले आणि मॅग्नेशियाच्या रणांगणावर तो हरला. इ. स. पू. १८८ च्या अपामेया येथील तहाने त्याच्यावर १५,००० टॅलेंट चांदीची खंडणी लादली; एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो. हत्ती बाळगण्यास मनाई झाली आणि ओलीस म्हणून वीस जण रोमला पाठवावे लागले. त्या ओलिसांत राजाचा धाकटा मुलगा होता, तोच पुढचा एपिफानेस. खंडणीसाठी पैसा उभा करताना पित्याने इराणच्या बाजूला एलिमाइसमधील एका देवळाच्या खजिन्यावर हात घातला आणि लोकांनी त्याला तेथेच ठार मारले. देवळांच्या खजिन्यांकडे वळलेली या घराण्याची नजर पुढे तशीच राहिली. थोरला मुलगा चौथा सेल्युकस गादीवर आला, त्याने आपला प्रधान हेलिओदोरस याला यरुशलेमच्या मंदिराचे धन आणण्यासाठी धाडल्याची कथा मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. ही कथा केवळ भक्तिकथा मानली जाई. परंतु २००७ साली एक शिलालेख प्रसिद्ध झाला. त्यात इ. स. पू. १७८ मध्ये सेल्युकसने हेलिओदोरसला लिहिलेले पत्र कोरलेले आहे आणि या भागातील देवस्थानांवर ओलिंपिओदोरस नावाचा अधिकारी नेमल्याचे त्यात म्हटले आहे. त्याच शिळेचे आणखी तुकडे यरुशलेमच्या नैर्ऋत्येस मारेशा येथील उत्खननात सापडले.

ओलीस राजपुत्राने रोममध्ये सुमारे दहा वर्षे काढली. तेथील रस्ते, निवडणुका, लष्कर, सारे त्याने डोळे भरून पाहिले. पुढे त्याच्या बदल्यात सेल्युकसचा मुलगा देमेत्रियस रोमला गेला आणि अंतिओकस अथेन्समध्ये राहू लागला. इ. स. पू. १७५ मध्ये हेलिओदोरसने राजाचा खून केला, तेव्हा पर्गामच्या राजाचे साहाय्य घेऊन अंतिओकस सिंहासनावर बसला. खरा वारस देमेत्रियस रोममध्ये अडकलेला होता. दुसरा पुतण्या लहान होता, त्याला आधी सहराजा केले आणि काही वर्षांनी मारले.

त्याच्या वागण्याविषयी पॉलिबियस या इतिहासकाराने मोठ्या चवीने लिहिले आहे. राजा लवाजमा टाळून सोनारांच्या दुकानांत जाऊन गप्पा मारी, सार्वजनिक स्नानगृहात सामान्यांबरोबर न्हाई, रोमन टोगा घालून बाजारात मते मागत फिरे, निवडून आल्यावर हस्तिदंती खुर्चीत बसून क्षुल्लक खटल्यांचा निवाडा करी. म्हणून लोक त्याला ‘एपिफानेस’ऐवजी ‘एपिमानेस’ म्हणजे ‘वेडा’ म्हणत. मात्र हा पॉलिबियस देमेत्रियसचा मित्र होता आणि त्याला रोममधून पळून जाण्यास त्यानेच मदत केली, हे लक्षात ठेवावे. ज्याने मित्राचे सिंहासन बळकावले त्याच्याविषयीची ही साक्ष आहे. अथेन्समधील ऑलिंपियन झ्यूसच्या भव्य मंदिराचे शतकानुशतके रखडलेले काम रोमन वास्तुविशारद नेमून पुढे नेणारा राजा केवळ विदूषक नव्हता.

आता यरुशलेमकडे वळू. तेथे ओनियस हा धर्मनिष्ठ प्रमुख याजक होता. त्याचा सख्खा भाऊ यासोन राजाकडे गेला आणि त्या पदासाठी ४४० टॅलेंट देऊ केले; शिवाय ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारण्याच्या परवानगीसाठी १५०. योसेफस सांगतो की या यासोनाचे मूळ नाव येशू होते. ग्रीक फॅशनपायी त्याने ते बदलले. याजक वेदीवरची सेवा अर्धवट टाकून थाळीफेकीच्या मैदानाकडे धावू लागले, असे ग्रंथकार कळवळून लिहितो. तीन वर्षांनी मेनेलाउस नावाच्या दुसऱ्या इसमाने ३०० टॅलेंट अधिक बोलून यासोनालाही हुसकले, आणि मंदिरातील सुवर्णपात्रे विकून देणी भागवली. वृद्ध ओनियसने निषेध केला तेव्हा अंत्युखियाजवळ दाफ्ने येथे दगाफटका करून त्याचा खून करण्यात आला. ही बातमी ऐकून अंतिओकसच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने मारेकरी अधिकाऱ्याला देहदंड दिला, असे मक्काबीचा ग्रंथच सांगतो. शत्रूच्या लेखणीने ही नोंद ठेवली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

म्हणजे याजकपदाचा लिलाव राजाने पुकारला खरा, पण बोली लावणारे घरचेच होते.

इ. स. पू. १७० च्या सुमारास इजिप्तशी युद्ध पेटले. तेथील राजा सहावा टॉलेमी हा अंतिओकसच्या बहिणीचा मुलगा, वयाने अल्लड. कारभार पाहणाऱ्या दोघा मुखत्यारांनी युद्धाची उतावळी केली आणि पेलुसियमजवळ सपाटून मार खाल्ला. अंतिओकस थेट मेंफिसपर्यंत पोहोचला. भाच्याचा पालक म्हणून मिरवत इजिप्त गिळावे असा त्याचा डाव होता. अलेक्झांड्रियाच्या लोकांनी धाकट्या भावाला राजा केले, तेव्हा त्याने शहराला वेढा घातला, पण ते पडले नाही. १६९ मध्ये परत येताना त्याने यरुशलेमच्या मंदिरात शिरून सोन्याची वेदी, दीपवृक्ष आणि खजिना लुटला. पुढच्या वर्षी तो पुन्हा इजिप्तवर चालून गेला. या वेळी विजय हातातोंडाशी आला होता.

अलेक्झांड्रियाबाहेर एलेउसिस नावाच्या उपनगरात रोमचा वकील गायस पोपिलियस लेनास त्याची वाट पाहत होता. राजाने स्वागतासाठी हात पुढे केला. पोपिलियसने हातात हात देण्याऐवजी सिनेटच्या ठरावाची पाटी दिली आणि आधी वाचण्यास सांगितले. इजिप्त सोडून जा, असा तो ठराव होता. मित्रांचा सल्ला घेऊन सांगतो, असे राजा म्हणाला. तेव्हा पोपिलियसने हातातील द्राक्षवेलीच्या काठीने राजाभोवती वाळूत वर्तुळ काढले आणि उत्तर दिल्याशिवाय त्यातून बाहेर पडू नये असे बजावले. काही क्षण राजा स्तब्ध राहिला. मग सिनेट म्हणेल तसे करतो, असे त्याने कबूल केले. त्यानंतरच पोपिलियसने त्याचा हात हाती घेतला. काही आठवड्यांपूर्वीच, जून १६८ मध्ये, पिद्ना येथे रोमने मॅसेडोनियाचे राज्य धुळीला मिळवले होते. अंतिओकसने रोम आतून पाहिले होते. त्या वर्तुळाची किंमत त्याला इतरांपेक्षा चांगली कळत होती.

इकडे यरुशलेमात राजा मेल्याची अफवा पसरली होती आणि यासोनाने हजारभर माणसे घेऊन शहरावर हल्ला केला होता. भाऊबंदकीचे हे युद्ध राजाला बंड वाटले. त्याने शहरात कत्तल केली. ग्रंथात मृतांचा आकडा ४०,००० आणि गुलाम म्हणून विकलेल्यांचाही तेवढाच दिला आहे. आकडा फुगवलेला असेल, कत्तल खोटी नाही. मंदिरासमोर ‘अक्रा’ हा गढीवजा किल्ला बांधून शिबंदी बसवली गेली. इ. स. पू. १६७ मध्ये तो हुकूम सुटला: शब्बाथ पाळायचा नाही, मुलांची सुंता करायची नाही, नियमशास्त्राची पुस्तके जाळायची. मंदिर ऑलिंपियन झ्यूसच्या नावे झाले आणि किसलेव महिन्याच्या २५ व्या दिवशी वेदीवर मूर्तिपूजेचा बळी चढला.

हे त्याने का केले? ग्रीक राजे दुसऱ्यांच्या देवांना सहसा हात लावत नसत; आपल्या देवळात आणखी एक देव मावला तर त्यांना काय वाटायचे होते! ज्यू पंडित एलियास बिकरमन यांनी १९३७ मध्ये असा सिद्धान्त मांडला की या छळामागची कल्पना राजाची नसून मेनेलाउसच्या सुधारक गटाची होती. व्हिक्टर चेरिकोव्हर यांनी उलट म्हटले की बंड आधी झाले आणि बंडाचे बळ धर्मात आहे हे पाहून राजाने धर्मावर घाव घातला. इतर काहींना यात एलेउसिसच्या अपमानाचा सूड दिसतो. मला चेरिकोव्हर यांचे म्हणणे अधिक पटते. परंतु बिकरमन यांच्या बाजूनेही एक वजनदार साक्षीदार आहे. पुढे या राजाच्या मुलाच्या कारकिर्दीत सेनापती लिसियसने साऱ्या अनर्थाचे मूळ म्हणून मेनेलाउसकडे बोट दाखवले आणि त्याला बेरोया, म्हणजे आजचे अलेप्पो, येथे मृत्युदंड झाला. सल्लागार कोणीही असो, हुकमावर मोहोर राजाची होती. त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही.

हुकूम अंमलात आला तेव्हा त्याची धग कोणाला लागली? एलाजार नावाच्या नव्वद वर्षांच्या शास्त्र्याला डुकराचे मांस खाण्याची सक्ती झाली. अधिकारी त्याचे जुने परिचित होते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचवले की आपल्या घरचे चालणारे मांस आणावे आणि तेच खाण्याचे नाटक करावे, जीव वाचेल. म्हाताऱ्याने नकार दिला. माझे चार दिवस वाढतील, पण तरुण मुले समजतील की एलाजार नव्वदाव्या वर्षी फिरला, असे त्याचे उत्तर होते. त्यानंतर सात भाऊ आणि त्यांची आई. जगाची निर्मिती देवाने आधी अस्तित्वात नसलेल्या गोष्टींतून केली आणि तोच तुम्हाला पुन्हा जीवन देईल, असा धीर ती शेवटच्या मुलाला देते. मृतांच्या पुनरुत्थानाची इतकी स्पष्ट श्रद्धा जुन्या करारात अन्यत्र क्वचितच भेटते. चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी अंत्युखियात, म्हणजे खुद्द अंतिओकसच्या राजधानीत, या हुतात्म्यांवर प्रवचने केली. १ ऑगस्टला त्यांचे स्मरण रोमन पंचांगात होत असे. १९६९ च्या सुधारणेत सर्वसाधारण पंचांगातून ते वगळले गेले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाची एक परंपरा येथे आठवते. अंतिओकसच्या छळाला कंटाळून पूर्वज गालीलातून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी हे आगमन इ. स. पू. १७५ च्या आसपासचे मानले. छळ सुरू झाला १६७ मध्ये, त्यामुळे तारखेचा मेळ नीट बसत नाही. पण त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंदिर पुन्हा पवित्र होण्यापूर्वीच जे निघाले त्यांना तो सण ठाऊक असण्याचे कारण नव्हते, असा युक्तिवाद त्यावरून केला जातो.

मोदीन गावचा याजक मत्तथ्या, त्याचे पाच पुत्र आणि यहूदा मक्काबीच्या लढाया वाचकांच्या परिचयाच्या आहेत. राजाला मात्र हे बंड किरकोळ वाटले असावे. १६६ मध्ये त्याने दाफ्ने येथे असा उत्सव मांडला की जगाने पाहत राहावे. मिरवणुकीत रोमन धर्तीची साखळी चिलखते घातलेले ५,००० सैनिक, तहाने मना केलेले हत्ती, सोन्याच्या कलशांतून सुगंध शिंपडणाऱ्या दोनशे स्त्रिया होत्या. खेळांत योद्ध्यांच्या २४० जोड्या लढल्या. मेजवानीत राजा स्वतः पंगती लावत होता आणि अखेरीस नकलाकारांबरोबर नाचला.

मग निम्मे सैन्य लिसियसकडे ठेवून तो पूर्वेला निघाला. आर्मेनियाचा राजा शरण आला. एलिमाइसमध्ये, जेथे पिता मारला गेला होता तेथेच, एका देवीचे देऊळ लुटण्याचा प्रयत्न त्याच्या अंगाशी आला आणि इ. स. पू. १६४ च्या अखेरीस तो इराणमध्ये आजारी पडून मेला. बाबेलच्या एका राजावलीत त्याच्या मृत्यूची वार्ता किसलेव महिन्यातच नोंदली आहे. त्याच महिन्यात यरुशलेमची वेदी शुद्ध झाली. मक्काबीचा पहिला ग्रंथ म्हणतो की यरुशलेमला केलेला अन्याय आठवत तो खेदाने मेला. दुसरा म्हणतो की अंगात किडे पडले आणि आपण यहुदी होऊ असा नवस त्याने केला. पॉलिबियसच्या मते देवळावर हात टाकल्यामुळे त्याला वेड लागले. योसेफस यावर हुज्जत घालतो: जे देऊळ लुटायचे केवळ मनात आणले त्याची शिक्षा होते, आणि जे खरोखर लुटले त्याची नाही काय? याहून मला महत्त्वाचे वाटते ते मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथातले एक कोरडे पत्र. मार्च १६४ च्या या पत्रात राजाने यहुद्यांना आपापले अन्न आणि आपापले नियम पाळण्याची मुभा परत दिली आहे. मध्यस्थ म्हणून नाव आहे मेनेलाउसचे. पत्र उशिरा आले. तोवर तलवारी म्यानाबाहेर होत्या.

यहूदाच्या भावांनी पुढे राज्य स्थापले. शतकाच्या अखेरीस त्याचा पुतण्या योहान हिर्कानस याने गरिझीम डोंगरावरील शोमरोनी मंदिर पाडले आणि दक्षिणेकडील इदोमी लोकांचा मुलूख घेतला. ज्या मारेशात हेलिओदोरसच्या शिळेचे तुकडे मिळाले ते त्याच मुलखातले गाव. तेथील लोकांसमोर त्याने दोनच मार्ग ठेवले: सुंता करून घ्या, नाहीतर देश सोडा. बरेच जण राहिले. त्यांच्यातल्याच एका घराण्यात पुढे हेरोद जन्मला.