बेडूक, चतुराची अळी आणि मोडलेले वचन

१८५५ पासून इंग्लंडमध्ये मार्गारेट गॅटी यांच्या मुलांसाठीच्या निसर्गकथा प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांतील एका कथेत तळ्यातील चतुराची अळी बेडकाला विचारते : पाण्यापलीकडे काय आहे?

प्रश्न बेडकालाच का? कारण त्याने दोन्ही जगे पाहिली आहेत. बेडूकमासा असताना तो कल्ल्यांनी श्वास घेई; फुप्फुसे आल्यावर जमिनीवर गेला, तरी पाण्यात परतू शकतो. चतुराचे तसे नाही. त्याची अळी फुलपाखराप्रमाणे कोशात जात नाही. पाण्याबाहेर येऊन कात टाकते आणि पंख उघडताच तिचे पाण्यात जगणे कायमचे संपते. म्हणून सोबत्यांना दिलेले परतण्याचे वचन मोडते. दोन जीवनक्रमांतील हा भेद तक्त्याविना, गोष्टीच्या ओघातच मुलांना उमगतो.

गॅटी धर्मोपदेशकाच्या पत्नी होत्या. डार्विनचा सिद्धान्त त्यांना अमान्य होता. निरीक्षण मात्र कच्चे नव्हते : १८६३ मध्ये ब्रिटनच्या समुद्रशैवालांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. कथेचा रोख अर्थातच मरणोत्तर जीवनाकडे आहे. त्या काळी घरोघरी लहान मुले दगावत. गेलेले भावंड परत का येत नाही, याचे उत्तर गॅटींनी चतुराच्या देहात शोधले.