गोदावरी नौकानयन योजना

बंगालच्या उपसागरापासून गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्यांच्या पात्रांतून विदर्भातील कापसाच्या प्रदेशापर्यंत सलग जलमार्ग तयार करण्याची एकोणिसाव्या शतकातील योजना. सर आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होत.

नदीच्या पात्रात खडकाळ उतार असल्यास नावांसाठी बाजूने कालवा काढून त्यावर जलपाश बांधतात. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला बांधीव हौद होय. नाव आत घेऊन दारे लावतात आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात अशा कालव्यांचे जाळे निर्माण झाले, त्यांतील सु. २·१ मी. रुंदीच्या अरुंद नावा काठावरून चालणारे घोडे ओढीत. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७–५२ मध्ये दौलेश्वरम् येथे बंधारा बांधण्यात आला. त्याच्या कालव्यांचा उपयोग सिंचन व नौकानयन या दोन्हींसाठी होऊ लागला.

या यशामुळे वरच्या पात्राकडे लक्ष वळले. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते : गोदावरीवरील दुम्मगुडेम व इचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. एफ्. टी. हेग या अभियंत्याने मार्गाची पाहणी केली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी योजनेस पाठिंबा दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला महत्त्व आले. तथापि उन्हाळ्यात नदीत नावा चालण्याइतके पाणी राहत नसे आणि दाट अरण्यातील तापाच्या साथींनी मजूर हैराण होत. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला व जलमार्गाची निकड उरली नाही. अखेर १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले.

योजनेचा मार्ग प्राणहितेकडे वळत असल्याने मराठवाड्यातील गोदावरी तिच्या बाहेरच राहिली. बीड जिल्ह्यातील उमापूर हे गाव ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्याच्या उत्तर सीमेवरून ही नदी वाहते. या भागात कालवा आला तो जायकवाडी प्रकल्पामुळे. पैठण येथील या प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते व उद्‌घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याचा सु. १३२ किमी. लांबीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. तो सिंचनासाठी असून त्यात पाणी पाळीपाळीने सोडले जाते. नौकानयनाच्या कालव्यात मात्र पाण्याची खोली सतत राखावी लागते आणि नाव चढविताना वा उतरविताना दरवेळी हौदभर पाणी खालच्या पातळीवर जाते. अवर्षणप्रवण प्रदेशात हा खर्च पिकांच्या वाट्यातूनच करावा लागला असता.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने भद्राचलम् ते नासिक हा गोदावरीचा भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समाविष्ट करण्यात आला. कायद्याने गेवराईलगतचे पात्र त्यामुळे जलमार्ग ठरले. परंतु जायकवाडी धरणाला जलपाश नाही आणि पावसाळ्यानंतर पात्रात पुरेसे पाणी राखण्याची १८७१ पूर्वीची अडचणही कायम आहे.