सुटलेल्या वर्षांचा हिशेब

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला शाळा किंवा कॉलेज का सोडले, असे विचारले तर तो कारण सांगत नाही, काळ सांगतो. "रझाकारीत सुटली." "बहात्तरात सुटलं." "नामांतराच्या वर्षी." जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मी बरीच वर्षे वह्या लिहिल्या. सौद्याची घाई ओसरल्यावर दुपारच्या चहाला ही उत्तरे इतक्यांदा कानावर पडली, की ती वेगवेगळ्या माणसांची असली तरी एकाच खतावणीत मांडता येतील असे वाटू लागले. हा लेख त्या खतावणीचा प्रयत्न आहे.

माझी स्वतःची नोंद आधी करून टाकतो. बी. कॉम.चे दुसरे वर्ष पास होऊन 1986 साली मी कॉलेज सोडले. घरची अडचण होती, तिचे वर्णन करण्यात अर्थ नाही. 2009 मध्ये, 43 व्या वर्षी, राहिलेले एक वर्ष पूर्ण करावे म्हणून जुन्या गुणपत्रिका घेऊन एका महाविद्यालयात गेलो. खिडकीतला मुलगा भला होता. त्याने दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "काका, अभ्यासक्रम कितीदा तरी बदलला. आणि या नावाचं विद्यापीठ तरी आता कुठं आहे?" कागदावर नुसते 'मराठवाडा विद्यापीठ' छापलेले होते. 14 जानेवारी 1994 ला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. दोन वर्षे शिकलो, पास झालो, फी भरली. ती वर्षे जमेला धरायची की नाहीत, हा माझ्यापुरता प्रश्न होता. पुढे लक्षात आले की आपल्या भागात तो शंभर वर्षे जुना आहे.

जालना जिल्हा 1 मे 1981 चा. त्याआधी तो बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. राज्याचे विद्यापीठ म्हणजे 1918 चे उस्मानिया, तेही हैदराबादला. जालन्याहून तिकडे जाणारी मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झालेली होती, म्हणजे वाट होती. अडचण भाषेची होती. अंबडच्या किंवा भोकरदनच्या मुलाने पाटीवर मराठी गिरवायची, पुढे उर्दूतून गणित आणि इतिहास शिकायचा आणि उर्दूतूनच पदवी घ्यायची. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग हिंदुस्थानात मोठा मानला गेला, आणि तो मोठा होताच. फक्त ती देशी भाषा या मुलांच्या घरची नव्हती. पोलीस ॲक्शननंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. जो मुलगा मधल्या वर्गात होता त्याने कष्टाने कमावलेले उर्दू शब्द एका उन्हाळ्यात बिनकामाचे झाले. अशा मुलांना 'शिक्षण सोडलेले' म्हणणे मला बरोबर वाटत नाही. शिक्षणानेच त्यांना सोडले.

या खतावणीतले पहिले ठळक साल 1938. त्या वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेज वसतिगृहातील मुलांनी वंदे मातरम् म्हणण्यावरची बंदी मोडली. चळवळ हैदराबादला पोहोचली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या विद्यार्थ्यांपैकीच. या प्रसंगाकडे आपण राष्ट्रभक्तीची कथा म्हणून पाहतो. मला त्यात एक साधी शैक्षणिक गोष्टही दिसते: एका विद्यापीठाने तोडलेले शिक्षण दुसऱ्या विद्यापीठाने जोडून घेतले. आजच्या शब्दांत सांगायचे तर क्रेडिट ट्रान्सफर झाली. अर्थात नागपूरला राहण्याखाण्याची ज्याची ऐपत होती किंवा ज्याला कुणी आधार दिला, त्याचीच. बाकीचे घरी परतले.

1947-48 मध्ये हेच पुन्हा आणि मोठ्या प्रमाणावर घडले. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात मुलांनी शाळा-कॉलेजे सोडली, काही सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेली, काहींच्या घरच्यांनी रझाकारांच्या भीतीने गावच सोडले. 17 सप्टेंबर 1948 नंतर संस्थान गेले, पण ही मुले पुन्हा वर्गात बसायला मोकळी झाली होती असे नाही. नरहर कुरुंदकरांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते या बाजूने कुणी फारसे पाहत नाही. लढ्यात वावरलेला, अफाट वाचणारा हा मुलगा इंटरच्या परीक्षेत अडकला, नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाला आणि नोकरी करता करता पुढच्या पदव्या घेऊन पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाला. कुरुंदकर परीक्षेत नापास होत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण नोकरी सांभाळून परीक्षेला बसण्याची सोय नसती, तर ते शाळामास्तरच राहिले असते. विद्वत्ता तेवढीच राहिली असती, महाविद्यालयाची पायरी मात्र चढता आली नसती.

ही सोय कुणाला सुचली, याचा विचार करताना बाबासाहेबांचे नाव टाळता येत नाही. त्यांचे स्वतःचे शिक्षण मध्येच थांबलेले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाला सुचली नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली. बडोद्याची अपमानास्पद नोकरी आणि सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते 1920 मध्ये परत गेले. 1921 ला एम. एस्सी. आणि 1923 ला डी. एस्सी. झाले. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढताना त्यांनी वर्ग सकाळी भरवले, म्हणजे कचेरीत जाणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. मराठवाड्यात 1950 मध्ये त्यांनी जे महाविद्यालय सुरू केले आणि ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, त्याच्या आसपास अनेक वर्षे दुसरा पर्याय विरळच होता. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच काळात जालन्यात जे. ई. एस. महाविद्यालय उभे राहिले. परगावी खोली न करता, घरी भाकरी खाऊन बी. ए. करणारी जालन्याची पिढी तेव्हापासूनची.

पण घरी भाकरी असावी लागते. 1972 च्या दुष्काळात ती नव्हती. आमच्या भागात त्या सालावर सगळ्यात जास्त बोलले जाते: सुकडी, अमेरिकेची लाल मिलो, खडी फोडणारी माणसे. कॉलेजच्या पोरांविषयी मात्र कमी बोलतात. गावातल्या शिकलेल्या पोराला खडीवर बसावे लागले नाही, कारण त्याला लिहिता येत होते. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मांडायला माणसे लागत, आणि अर्धे शिकलेले तरुण त्या कामाला लागले. हजेरी सहायक म्हणून ओळखला गेलेला हा वर्ग पुढे वीसेक वर्षे अधांतरी राहिला, मग टप्प्याटप्प्याने सरकारी सेवेत सामावला गेला. त्यांचे अर्धे शिक्षण दुष्काळात उपयोगी पडले आणि त्याच उपयोगामुळे अर्धेच राहिले. रोज मस्टर भरणाऱ्याने परीक्षेला कधी जायचे? पुढे बढतीची वेळ आली तेव्हा पदवी विचारली गेली. पन्नाशीकडे झुकलेल्या अशा दोघांबरोबर मी बाकावर बसलो आहे. एकाचे अक्षर इतके सुबक होते, की उत्तरपत्रिका मस्टरसारखी दिसायची.

1978 च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. विद्यापीठाच्या नावासाठीचा हा वाद ज्यांच्या घरांवर गेला, त्यांच्या मुलांची किती वर्षे त्यात गेली, हे कुठल्या पटावर लिहिलेले नाही. "नामांतराच्या वर्षी" एवढे म्हणून माणूस थांबतो, आणि समोरच्यानेही पुढे विचारू नये असा त्याचा सूर असतो.

इथपर्यंत माझी खतावणी नीट जुळत होती. ती बिघडवली बायकांनी.

2009 मध्ये मी शेवटी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी. कॉम.ला पहिल्या वर्षापासून नाव घातले. हे विद्यापीठ 1989 च्या कायद्याने नाशिकला स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्यांच्या नावाने ते आहे त्या यशवंतरावांचे शालेय शिक्षणही 1932 च्या तुरुंगवासाने लांबले होते आणि ते 1934 मध्ये मॅट्रिक झाले. विद्यापीठाची खरी धिटाई पूर्वतयारी शिक्षणक्रमात होती. बारावी, अगदी दहावीही नसलेल्या प्रौढाला तेवढी एक परीक्षा देऊन पदवीच्या वाटेला लागता येई. पुस्तके मराठीत, घरी बसून वाचता येतील अशी. संपर्क सत्रे रविवारी, कुठल्यातरी कॉलेजच्या रिकाम्या वर्गात. मोंढा रविवारी बंद, त्यामुळे माझी सोय झाली.

वर्गात अंगणवाडी सेविका होत्या, नर्स होत्या, एक एस. टी.चे कंडक्टर, एक होमगार्ड. पुरुषांना विचारले की साल मिळायचे. बायकांकडून एकच उत्तर: "लग्न झालं की." दुष्काळ असो की सुकाळ, रझाकारी असो की नामांतर, त्यांच्या सुटण्याला साल नव्हते. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता 71 टक्क्यांच्या आसपास होती. पुरुषांची 81 आणि स्त्रियांची 61. मी जो इतिहास मोठ्या घटनांनी मांडत होतो, त्यात हे वीस टक्के कुठेच बसत नव्हते. परतूरकडून येणाऱ्या एका बाईंनी मला विचारले होते, "तुमचं तर दोन वर्षं झालेलं होतं ना दादा, मग पहिल्यापासून कशाला?" मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, माझं काहीच झालं नव्हतं. वाया जायला काही नव्हतं."

मुक्तच्या पदवीला कायद्याने कमी दर्जा नाही, पण मोंढ्यात आणि सोयरिकीत "रेग्युलर का मुक्त?" हा प्रश्न होतोच. मी आता त्याला उत्तर देत नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने एक वर्ष शिकलेल्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका आणि तीन वर्षांना पदवी अशी वाट आखली. 2021 पासून क्रेडिटची बँक आली. शिकलेले जमा राहील, हवे तेव्हा येऊन पुढे चालू करा. 1986 मध्ये हे असते तर माझ्या हातात पदविका असती. नियम वाचताना मी मुनिमाच्या सवयीने मुदतीचे कलम आधी शोधले. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे धरले जातात. बाबासाहेबांना लंडनने चार दिली होती, त्यांनी तीन वर्षांत गाठले. सात म्हणजे त्याहून पुष्कळच. पण रोजगार हमीवर लागलेला मुलगा कायम व्हायलाच वीस वर्षे लागली, आणि परतूरच्या बाई धाकटी लेक दहावी झाल्यावर शिकायला आल्या. माझी तेवीस झाली होती.

2012 ला निकाल लागला. पदवीवर नाशिकचे नाव आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या दोन गुणपत्रिका त्याच फायलीत, तिच्या मागे लावून ठेवल्या आहेत.