बर्मा टीकचं कपाट आणि थिबा राजा

नवा फ्लॅट घेतला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना जुन्या फर्निचरची हुक्की येते. कुणी चोरबाजारातून ड्रेसिंग टेबल उचलतं, कुणी गावाहून आजोबांचं कपाट आणतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "पांढरं करूया का? भिंतीला मॅच होईल." आमच्याही हॉलमध्ये सध्या आजोळचं कपाट उभं आहे आणि हाच वाद चालू आहे. पॉलिशवाले काका म्हणाले, "बर्मा टीक आहे साहेब, रंग नका मारू." का नको, ते वाचायला बसलो आणि अख्खा विकांत ब्रह्मदेशात गेला!

तर मंडळी, 1863 साली वॉलेस बंधूंनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली. कंपनी मुंबईची, धंदा ब्रह्मदेशातल्या सागाचा. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते जागच्या जागी मारायचं, दोन-तीन वर्षं उभंच वाळू द्यायचं, मग तोडून हत्तींकरवी ओढ्यापर्यंत आणायचं. पावसाळ्यात पाणी चढलं की ओंडके वाहत नदीला आणि तिथून रंगूनला. यात वर्षंच्या वर्षं जायची. (आपली रिलीज दोन आठवडे पुढे गेली तर केवढा दंगा होतो!)

1885 मध्ये थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला, की ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला. दंड सुमारे 23 लाख रुपये. फ्रेंचांचा तिथला वाढता वावर इंग्रजांना आधीच खुपत होता, त्यांना आयतं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर निघाली आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलं. 1 जानेवारी 1886 ला उरलेला ब्रह्मदेशही साम्राज्यात गेला. राजाची रवानगी आधी मद्रासला, मग आपल्या रत्नागिरीला. आपण फोटो काढतो तो थिबा पॅलेस 1910 मध्ये पुरा झाला. 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्याला मायदेश पुन्हा दिसला नाही.

आता प्रत्येक 'बर्मा टीक' खरंच तिकडचं असतं असं नाही. डांगचा, आलापल्लीचा सागही याच नावाने खपतो. पण कुठलाही असो, इतका जुना साग आज सहज मिळत नाही.

आता रंगाकडे येऊ. जुन्या कपाटांवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं. लाखेच्या किड्यापासून मिळणारी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचे. गंमत म्हणजे हे पॉलिश स्पिरिटनेच परत निघतं. म्हणजे आपल्या भाषेत 'अनडू' आहे! दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा, चिकट झालं तर लाख समजा. उघड्या लाकडावर मारलेला ऑइलपेंट मात्र सागाच्या रंध्रांत शिरतो. तो काढायचा तर लाकूडच घासावं लागतं. वर सागातलं तेल आणि रंगद्रव्य पांढऱ्या रंगातून पिवळे डाग बनून वर येतं ते वेगळंच.

पांढरं हवंच असेल तर आधी लाखेचा एक अस्तर-हात द्या. डाग अडतात आणि उद्या कुणाला रंग काढावासा वाटला तर काम सोपं होतं. आणि एक महत्त्वाचं. कपाटावर आधीच जुना रंग असेल तर घरात कोरडं घासू नका, विशेषतः लहान मूल असेल तर. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली.

आमच्या घरचा निकाल? कपाटाला लाख, आणि शेजारच्या प्लायवुडच्या शू-रॅकला पांढरा रंग. बायको खूश, काकाही खूश. तुमच्या घरी काय ठरतंय?